त्रिकोण आणि तिसरी भुजा

आपल्या ग्रंथपरीक्षणांतून कांहीं शब्द इतक्या वेळां येतात कीं, वाचकाचा डोळा त्यांच्यावर क्षणभरहि थांबत नाहीं. 'त्रिकोण' हा त्यांपैकीं एक. कादंबरींत दोन पुरुष व एक स्त्री, अथवा दोन स्त्रिया व एक पुरुष दिसला कीं परीक्षकाचें निम्में काम झालें. 'ही एका प्रेमत्रिकोणाची कथा आहे' असें वाक्य लिहिलें म्हणजे कथेचें कुळ ठरलें, गोत्र ठरलें, आणि उरलेल्या परिच्छेदांत भाषाशैली, छपाई व मुखपृष्ठ यांचा परामर्श घेण्यास परीक्षक मोकळा झाला. नाटकांच्या जाहिरातींत हा शब्द आहे, चित्रपटांच्या जाहिरातींत आहे, पुस्तकांच्या वेष्टनांवर आहे; आणि आतां तो वर्तमानपत्रांच्या गुन्ह्यांच्या बातम्यांतहि येऊन बसला आहे. शब्द सोपा, शाळेंत सर्वांनीं शिकलेला. त्यामुळें त्याचा अर्थ काय असें कोणी विचारीत नाहीं.

या शब्दाची गमतीनें फोड केली तर 'तीन, कोण?' असा प्रश्न त्यांतून निघतो. आमचे टीकाकार नेमका तेवढाच प्रश्न विचारतात. तिघे कोण तें त्यांनीं सांगितलें कीं त्यांचें समाधान होतें. पण तीन बिंदु कागदावर मांडले म्हणजे त्रिकोण होत नाहीं. ते तीन रेषांनीं जोडावे लागतात. पहिल्या दोन रेषा प्रेमाच्या असतात, त्या सर्वांस दिसतात. तिसरी रेषा, म्हणजे ज्या दोघांमध्यें स्पर्धा आहे त्या दोघांचें परस्परांशीं असलेलें नातें, ही बहुधा कोणी काढीतच नाहीं. आमचें म्हणणें असें कीं, ज्या कृतींत ही तिसरी भुजा नाहीं तिला त्रिकोण म्हणणें चूक आहे, आणि ज्या कृतींत ती आहे तींत बहुधा तीच मुख्य असते.

प्रथम शब्दाची पूर्वपीठिका पाहूं. शुल्बसूत्रकार 'त्रिकोण' म्हणत नाहींत, 'प्रउग' म्हणतात. गाडीच्या दांड्या पुढें जेथें एकत्र येतात तो निमुळता भाग म्हणजे प्रउग. त्याच्या आकारावरून समद्विभुज त्रिकोणास तें नांव मिळालें. यज्ञांतील अग्निचिति निरनिराळ्या आकारांच्या रचीत: कोणी श्येनाच्या, कोणी रथचक्राच्या, कोणी प्रउगाच्या. कोणता आकार कोणीं रचावा हें तैत्तिरीय संहितेंत सांगितलें आहे, आणि त्यांत प्रउगचिति ज्यास भ्रातृव्य आहेत त्यानें रचावी असें आहे. भ्रातृव्य म्हणजे मूळ अर्थानें चुलतभाऊ, आणि वेदांतच रूढ झालेल्या अर्थानें प्रतिस्पर्धी, वैरी. (एका अर्थापासून दुसरा अर्थ कसा निघाला हें भाऊबंदकी पाहिलेल्या महाराष्ट्रीय वाचकास समजावून सांगण्याचें कारण नाहीं.) म्हणजे आपल्या वाङ्मयांत त्रिकोणाचा आकार आणि प्रतिस्पर्ध्याचें नातें यांची गांठ फार पूर्वीं पडलेली आहे, मात्र ती प्रेमावरून पडलेली नाहीं.

पुढें गणितग्रंथांत 'त्र्यस्र' आणि 'त्रिभुज' हे शब्द येतात. ब्रह्मगुप्त व भास्कराचार्य यांची परिभाषा मुख्यतः भुजांची आहे: भुज, कोटि, कर्ण. 'त्रिकोण' या शब्दाचें घर होतें फलज्योतिषांत. कुंडलींतील पांचव्या व नवव्या स्थानांस तें नांव आहे. वराहमिहिराच्या ग्रंथांत त्याच्याच शेजारीं केंद्र, पणफर, आपोक्लिम, होरा असे उघड उघड ग्रीक शब्द बसलेले असल्यामुळें, हाहि ग्रीक 'त्रिगोनोन' या शब्दाचाच संस्कृत वेष घेतलेला पाहुणा असावा असें पुष्कळ विद्वानांचें मत आहे. तें कसेंहि असो. मराठी शाळांत 'त्रिकोण' स्थिरावला, आणि त्यानें एक गोष्ट नकळत केली: आमचें लक्ष भुजांवरून कोनांवर, म्हणजे कोपऱ्यांवर, नेलें. त्रिभुज म्हटलें कीं तीन बाजू डोळ्यांपुढें येतात. त्रिकोण म्हटलें कीं तीन टोंकें.

वास्तविक त्रिकोणाचें सारें सामर्थ्य टोंकें व भुजा यांच्या संबंधांत आहे. त्रिकोणमितीस युरोपांत जें नांव आहे तें पिटिस्कसनें १५९५ सालीं आपल्या ग्रंथास दिलें. पण त्या शास्त्राचा पराक्रम हिंदुस्थानानें जवळून पाहिला तो १८०२ मध्यें लॅम्बटननें मद्रासेजवळ आरंभिलेल्या मोजणींत. एक रेषा साखळीनें काळजीपूर्वक मोजावयाची, तिच्या दोन टोंकांवरून दूरच्या तिसऱ्या बिंदूकडे पाहून कोन घ्यावयाचे, आणि जेथें पाऊल ठेवलें नाहीं तेथवरचें अंतर काढावयाचें. असे त्रिकोण एकास एक जोडीत लॅम्बटन वऱ्हाडापलीकडे आला आणि १८२३ मध्यें हिंगणघाट येथें वारला. तात्पर्य, त्रिकोण हें मोजण्याचें साधन आहे. आमच्या परीक्षणांत मात्र तो मोजणी टाळण्याचें साधन झाला आहे.

माणसांच्या संबंधास त्रिकोण म्हणण्याची आजची चाल पश्चिमेकडून आली. इब्सेनच्या 'हेडा गाब्लर' (१८९०) या नाटकांत न्यायाधीश ब्रॅक हेडापाशीं अशा 'त्रिकोणी' स्नेहाची गोष्ट काढतो; पति, पत्नी आणि घरीं विश्वासानें येणारा मित्र अशी ती व्यवस्था सर्वांसच सोयीची, असें त्याचें म्हणणें. विसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी नाट्यपरीक्षणांत 'चिरंतन त्रिकोण' हा वाक्प्रचार रुळला, आणि तेथून तो आमच्याकडे आला. इब्सेननें हा शब्द कोणाच्या तोंडीं घातला हें मात्र येतांना वाटेंत गळून पडलें. ब्रॅक हा लबाड आहे. त्याच्या त्रिकोणांत पतीला आपण एका त्रिकोणाचा कोपरा आहों हें ठाऊकच नसावें, हीच त्याची अट आहे. आणि हेडा त्या व्यवस्थेत कशी अडकते व कशी सुटते हें नाटक ज्यांनीं वाचलें आहे त्यांस सांगावयास नको.

आतां कसोटीकडे वळूं. ती आम्हांस परदेशांतून आणावी लागत नाहीं. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० ची. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं त्यांचा नातू चांगदेव यानें ज्या पाटण गांवीं मठ स्थापिला, तें चाळीसगांवच्या जवळ आहे आणि तेथील शिलालेख १२०७ चा आहे. तेव्हां हा आचार्य आमच्या घरचाच. लीलावतींतील क्षेत्रव्यवहारांत त्यांनीं एक सूचना देऊन ठेविली आहे. एखादा धीट मनुष्य सरळ भुजांचें असें क्षेत्र सांगूं लागेल कीं, ज्यांतील एक भुजा उरलेल्या भुजांच्या बेरजेइतकी किंवा तिच्याहून मोठी आहे. तर तें क्षेत्रच नव्हे, 'अक्षेत्र' समजावें. त्यांनीं उदाहरण दिलें आहे तें ३, ६ आणि ९ या भुजांच्या त्र्यस्राचें. खात्री पटत नसेल तर तेवढ्या लांबीच्या सरळ काड्या घेऊन मांडून पाहा, असें ते सुचवितात. मांडून पाहिलें तर तीन व सहा या काड्या नवाच्या काडीवर सपाट पडून राहतात, आणि मध्यें क्षेत्र म्हणून कांहीं उरत नाहीं.

'अक्षेत्र' हा शब्द आमच्या टीकापरिभाषेंत नाहीं, याचें आम्हांस फार वाईट वाटतें. ज्या कृतींत एकच आकर्षण इतकें लांबरुंद असतें कीं दुसरीं नातीं त्याच्यावर नुसतीं आडवीं पडलेलीं असतात, तिला दुसरें नांव काय द्यावें? 'सौभद्र' घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांचें हें नाटक १८८२ चें. आजहि त्यांतील पदांवर जीव टाकणारीं घरें महाराष्ट्रांत थोडीं नाहींत. अर्जुन, सुभद्रा, दुर्योधन, अशीं तीन नांवें सांगून त्यास त्रिकोण म्हणणें सोपें आहे. पण सुभद्रेच्या मनांत दुर्योधनाला तसूभर जागा नाहीं, आणि अर्जुनाशीं त्याचें जें जुनें वैर आहे त्यावर हें नाटक उभें नाहीं. नाटक उभें आहे तें कृष्णाच्या युक्तीवर आणि बलरामाच्या हट्टावर. दोन भावांपैकीं बहिणीचें लग्न कोणाच्या इच्छेनें व्हावयाचें, ही त्यांतली खरी ओढाताण. आणि ती लक्षांत न घेतां जो त्रिकोण काढील त्याच्या हातीं ३, ६, ९ च्या काड्या राहतील.

'शारदा' (१८९९) या नाटकाविषयीं तर असें बोलणें आम्हांस सहन होणार नाहीं. कोदंड, शारदा व भुजंगनाथ हे तीन बिंदु जोडून कोणी त्रिकोण काढला, तर कांचनभटाचें काय करावयाचें? जो बाप मुलीचे पैसे मोजून घेतो तोच जर आकृतीबाहेर राहिला, तर उरलें काय? विक्रीच्या व्यवहारास प्रेमाची आकृति देणें हा नुसता टीकेंतला गलथानपणा नव्हे. देवलांनीं ज्याच्याकडे बोट दाखविलें त्याला त्या आकृतीनें पडद्याआड नेलें.

त्याच देवलांनीं या विषयावर एक उत्तम विनोदहि लिहून ठेविला आहे. त्यांचें 'संशयकल्लोळ' (१९१६) मर्फी नांवाच्या इंग्रजी नाटककाराच्या कृतीवरून घेतलेलें, आणि मर्फीची कृति मोलिएरच्या एका प्रहसनावरून. पण मराठी प्रेक्षकांस फाल्गुनराव आपल्याच आळींतला वाटतो, हें देवलांचें यश. एक तसबीर नको त्या हातीं जाते, एक मूर्च्छित मुलगी नको त्या बाहूंत सांपडते, आणि बघतां बघतां पति व पत्नी दोघेहि जिकडे तिकडे त्रिकोण पाहूं लागतात. कृत्तिकेला नवरा व रेवती यांच्यामध्यें रेषा दिसते. फाल्गुनरावाला बायको व अश्विनशेट यांच्यामध्यें. प्रत्यक्षांत एकहि रेषा नाहीं. दोन माणसें आणि एक तसबीर एवढ्या सामग्रीवर त्रिकोण रचणारा फाल्गुनराव हा आमच्या टीकासंप्रदायाचा आद्य आचार्य समजण्यास आमची हरकत नाहीं. फरक एवढाच कीं, पांचव्या अंकाअखेर त्याचे डोळे उघडतात.

नाटकांतला हा गोंधळ हंसून सोडून देतां येतो. वर्तमानपत्रांतला येत नाहीं. एखादी मुलगी एका तरुणास नकार देते, तिचें लग्न अन्यत्र ठरतें, आणि तो तरुण तिच्यावर किंवा तिच्या नियोजित वरावर शस्त्र चालवितो. दुसऱ्या दिवशीं मथळा येतो: 'प्रेमाच्या त्रिकोणांतून हत्या'. हा मथळा आम्ही इतक्या वेळां वाचला आहे कीं, तो लिहितांना लिहिणाराचा हात आपोआप चालत असावा. पण त्यांत केवढा अन्याय भरला आहे तो पाहा. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे दिसण्यांत सारखे. आकृति कोणत्याहि बाजूनें फिरविली तरी ती त्रिकोणच. त्यामुळें मारणारा, मरणारा आणि जिच्या निमित्तानें हें झालें असें म्हटलें जातें ती, अशा तिघांवर दोष आपोआप वांटला जातो; आणि सकाळीं चहाबरोबर बातमी वाचणारें कुटुंब 'मुलीचेंहि कांहीं असेलच' असें म्हणून पान उलटतें. ज्या नात्यास तिनें नकार दिला तें नातें ही भुजा नव्हे. तेथें एक रेषा आहे, आणि तिच्याबाहेर एक मारेकरी आहे. याला त्रिकोण म्हणण्याचा धीटपणा ज्या दिवशीं वर्तमानपत्रें सोडतील त्या दिवशीं भास्कराचार्यांचे उपकार थोडेसे फिटतील.

तर मग खरा त्रिकोण कोठें आहे? आमच्या मतें तो जुन्या वाङ्मयांत पुष्कळ ठिकाणीं आहे, आणि त्याचें कारण कांहींसें अप्रिय आहे. बहुपत्नीकत्वाच्या रूढीमुळें दोन स्त्रियांस एकाच घरांत, एकाच पुरुषाभोंवतीं, आयुष्य काढावें लागे. तेव्हां त्यांच्या परस्परसंबंधाकडे कवीला डोळेझांक करतां येत नसे. भाषेनें तर त्या संबंधास स्वतंत्र नांवच दिलें. 'सवत' हा शब्द उच्चारतांच जी रेषा उभी राहते ती पति-पत्नींची नव्हे. ती दोन स्त्रियांमधील आहे, म्हणजे तीच आमची तिसरी भुजा. जात्यावरच्या ओव्यांत सवतीला जें स्थान आहे तें नवऱ्यालाहि क्वचित् मिळालें असेल. संस्कृतांत वैरी या अर्थाचा 'सपत्न' हा पुल्लिंगी शब्द 'सपत्नी' वरूनच मागाहून घडविला गेला असें भाषाशास्त्रज्ञ सांगतात; म्हणजे पुरुषांच्या वैराला नांव हवें होतें तेव्हां तें सवतींकडून उसनें घ्यावें लागलें. एकीकडे भ्रातृव्य, दुसरीकडे सवत: तिसऱ्या भुजेला भाषेनें नांवें ठेविलेलीं होतीं. 'त्रिकोण' हा शब्द आला, आणि तीं नांवें टीकेंतून गेलीं.

ययातीची कथा या दृष्टीनें पाहावी. वि. स. खांडेकरांची 'ययाति' (१९५९) घरोघरीं वाचली गेली आहे; तिच्यावर जें लिहिलें जातें त्यांत ययाति मध्यें आणि दोन बाजूंस देवयानी व शर्मिष्ठा, अशी मांडणी ठरलेली. परंतु महाभारताच्या आदिपर्वांत क्रम कसा आहे? ययाति येण्यापूर्वींच त्या दोघींचें भांडण झालेलें आहे. जलक्रीडेच्या वेळीं वस्त्रांची अदलाबदल होते, शर्मिष्ठा देवयानीच्या बापाला आपल्या बापाचा स्तुतिपाठक म्हणून हिणविते आणि तिला विहिरींत लोटते. ययाति येतो तो विहिरीच्या कांठावर, पाणी शोधीत. म्हणजे तिसरी भुजा आधीं काढलेली आहे, आणि पहिल्या दोन तिच्यावरून निघाल्या आहेत. देवयानी शर्मिष्ठेस दासी म्हणून मागून घेते, सासरीं नेते. आणि पुढें शर्मिष्ठा राजाजवळ आपला हक्क कशाच्या आधारें सांगते? सखीचा पति तो आपलाहि पति, या आधारें! ती ययातीपर्यंत देवयानीच्या वाटेनें पोंचते. त्या दोघींमधील दास्याची, अपमानाची आणि बालपणच्या सख्याची रेषा पुसून टाकली तर उरतो एक विषयलंपट राजा व त्याच्या दोन बायका. आणि एवढ्यावर कोणी महाकाव्य रचीत नाहीं. खांडेकरांनीं तिघांसहि स्वतःच्या तोंडानें बोलावयास लावलें आहे हें त्यांच्या कादंबरीचें मोठें बळ. त्या दोघींच्या निवेदनांत ययातीविषयींचें जें आहे तें वाचून झाल्यावर, वाचकानें एकदां एकमेकींविषयींचें तेवढेंच वाचून पाहावें.

भासाचें 'स्वप्नवासवदत्त' याहून पुष्कळ नाजूक आहे. गणपतिशास्त्र्यांनीं तें १९१२ मध्यें त्रिवेंद्रमहून प्रसिद्ध केलें, तेव्हांपासून आपल्याकडे त्याचें कौतुक उदयनाच्या एकनिष्ठेसाठीं होत आलें आहे. आम्हांस त्यांत उदयन हा सर्वांत कमी मनोरंजक वाटतो. राज्य परत मिळवावयाचें तर मगधाशीं सोयरीक हवी, म्हणून यौगंधरायण वासवदत्ता जळून मेली असा बोभाटा करतो, आणि तिला वेषांतर करून पद्मावतीच्याच हवालीं ठेव म्हणून ठेवतो. पुढें पद्मावतीचें लग्न उदयनाशीं ठरतें. लग्नाची माळ गुंफण्याचें काम वासवदत्तेकडे येतें. दासी तिच्यापुढें औषधी ठेवते. एक वैधव्य टाळणारी. ती वासवदत्ता आपल्यासाठीं व पद्मावतीसाठीं पुष्कळ गुंफीन म्हणते. दुसरी सवतीचा नाश करणारी. ती ती गुंफीत नाहीं. कां, असें विचारल्यावर उत्तर देते कीं, त्याची बायको तर मेलेली आहे. या एका उत्तरांत किती गोष्टी आहेत! आपलें रक्षण आहे, पद्मावतीविषयींची माया आहे, नवऱ्याला दुसरीच्या हातीं देण्याचें दुःख आहे, आणि स्वतःला मेलेली म्हणवून घेण्याची कडवट गंमतहि आहे.

चवथ्या अंकांत विदूषक राजाला विचारतो कीं, तुला अधिक प्रिय कोण, पूर्वींची कीं आतांची? त्या वेळीं दोघीहि लतामंडपाआड उभ्या राहून ऐकत असतात. राजा पद्मावतीचे गुण कबूल करतो, पण वासवदत्तेत गुंतलेलें मन ती ओढून घेऊं शकत नाहीं असें सांगतो. दासी चिडते. पद्मावती चिडत नाहीं. जो अजूनहि तिचे गुण आठवतो त्याला निर्दय म्हणूं नको, असा तिचा भाव आहे. ज्या स्त्रीविषयीं हें चाललें आहे ती तिच्या शेजारींच उभी आहे, हें तिला ठाऊक नाहीं. आणि पांचव्या अंकांतील तो प्रसिद्ध स्वप्नप्रवेश? पद्मावतीचें डोकें दुखतें असें ऐकून वासवदत्ता तिची शुश्रूषा करावयास येते, अंधुक उजेडांत शय्येवर पद्मावतीच निजली आहे असें समजून तिच्या शेजारीं बसते. आणि तेथें निजलेला असतो उदयन. नाटकाला ज्या प्रसंगानें नांव मिळालें, तो वासवदत्ता नवऱ्याकडे गेली म्हणून घडत नाहीं, सवतीकडे गेली म्हणून घडतो. तिसऱ्या भुजेवरून चालत ती पहिल्या भुजेवर पोंचली. इतकी स्वच्छ आकृति आम्हांस अन्यत्र क्वचितच आढळली.

युरोपांत ही गोष्ट टीकाकारांच्या ध्यानांत उशिरां, पण फार जोरानें आली. रने झिरार या फ्रेंच पंडितानें १९६१ मधील आपल्या कादंबरीविषयक ग्रंथांत असा सिद्धांत मांडला कीं, माणसाची इच्छा सरळ वस्तूकडे जात नाहीं. दुसऱ्याला ती वस्तु हवी आहे हें पाहून आपल्यालाहि ती हवीशी होते. डॉन क्विक्झोट अमादिसकडे पाहून शूर होऊं पाहतो. दस्तयेव्हस्कीच्या 'चिरंतन पति' (१८७०) या कथेंतला विधुर, आपल्या मृत पत्नीच्या जुन्या प्रियकराला शोधून काढतो आणि आपण ज्या मुलीशीं लग्न करूं पाहतो तिच्या घरीं त्यालाच बरोबर घेऊन जातो! दुसऱ्यानें मान डोलावल्याशिवाय त्याला आपल्या निवडीची खात्री वाटत नाहीं. पुढें ईव्ह सेजविक या अमेरिकन विदुषीनें 'बिट्वीन मेन' (१९८५) या ग्रंथांत इंग्रजी कादंबऱ्या तपासून दाखविलें कीं, दोन पुरुष व एक स्त्री अशा कथांत पुरुषांचें परस्परांशीं असलेलें नातें बळकट करण्याकडेच स्त्रीचा उपयोग केला जातो. दोघांचेंहि म्हणणें आम्हांस मोलाचें वाटतें. पण झिरारचा सिद्धांत जशाचा तसा उचलून आमच्या वाङ्मयाला लावणारे जे विद्वान् अलीकडे दिसतात त्यांच्याशीं आमचा मतभेद आहे. झिरारच्या त्रिकोणांत ज्याच्यासाठीं स्पर्धा तो बिंदु बहुतेक निर्जीव. खरें नाट्य दोन स्पर्धकांचें, आणि तें मत्सरावांचून दुसऱ्या कशाचें असूं शकत नाहीं. वासवदत्ता व पद्मावती यांच्यामध्यें मत्सर आहे, पण तो एकटा नाहीं. तेथें आश्रय आहे, कृतज्ञता आहे, एकीनें दुसरीचें केलेलें रक्षण आहे. या सर्वांस मत्सराचा मुखवटा म्हणणें ही हुषारी झाली, वाचन नव्हे.

याचें याहून ठळक उदाहरण 'मृच्छकटिका'त आहे. देवलांच्या मराठी अवतारामुळें तें आपल्या रंगभूमीचेंहि झालें आहे. चारुदत्त आणि वसंतसेना यांच्या प्रेमावर पुष्कळ लिहिलें गेलें. चारुदत्ताची पत्नी धूता ही मात्र टीकाकारांच्या पानांत एखाद्या ओळीची धनीण. वसंतसेनेनें ठेवावयास दिलेले दागिने चारुदत्ताच्या घरून चोरीस जातात. नवऱ्याच्या अब्रूसाठीं धूता माहेरची रत्नावली काढून देते, आणि ती नवऱ्यानें घ्यावी म्हणून व्रताच्या दानाचें निमित्त करून विदूषकाच्या हातीं ठेवते. ती रत्नावली वसंतसेनेच्या घरीं जाते. सहाव्या अंकांत वसंतसेना चारुदत्ताच्या घरीं जागी होते आणि पहिली गोष्ट करते ती ही कीं, तो हार आपल्या धूता-ताईला परत पाठविते, आणि आपण चारुदत्ताच्या गुणांची दासी म्हणून तिचीहि दासी, असा निरोप देते. धूता हार परत धाडते: नवऱ्यानें तुम्हांला दिलेला घेणें योग्य नाहीं, आणि माझा अलंकार म्हणजे माझा नवरा. हें उत्तर नम्र आहे कीं धारदार, यावर घरोघरीं वाद व्हावा. आम्हांस तें दोन्ही वाटतें. पुढें लगेच धूतेचा मुलगा मातीचा गाडा नको, सोन्याचा हवा म्हणून रडत येतो, वसंतसेना आपले दागिने उतरवून त्याचा गाडा भरते, आणि त्या गाड्याचें नांव नाटकाला मिळतें. म्हणजे येथेंहि नाटकाचें नांव निघालें तें तिसऱ्या भुजेवरून.

या अंकांत त्या दोघी एकमेकींसमोर येत नाहींत. एक हार जातो, एक निरोप येतो, एक मूल मध्यें रडतें. शेवटच्या अंकांत, वधस्तंभाकडे नेलेला नवरा मेला असें समजून धूता अग्निप्रवेशास निघालेली असतां चारुदत्त धांवत पोंचतो, आणि मग धूता व वसंतसेना एकमेकींना बहीण म्हणून भेटतात. हा भाग मूळ कवीचा नाहीं, नीलकंठ नांवाच्या कोणा पंडितानें तो मागाहून रचून घातला, असें अभ्यासक मानतात. आणि संपादक त्याला प्रक्षिप्त म्हणून कंसांत टाकतात. तें योग्यच आहे. पण शूद्रकानें नायक-नायिकेचा योग घडवून आणल्यावर, राजाकडून वसंतसेनेस वधूपद मिळाल्यावर, सर्व कांहीं आटोपल्यासारखें दिसत असतां, त्या नीलकंठाला अजून एक भेट व्हावयाची राहिली आहे असें वाटलें, आणि त्यानें लेखणी उचलली.